वर्गात पास, वजनकाट्यावर नापास : एका गल्लीतल्या पोषण वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईच्या एम पूर्व विभागातल्या एका गल्लीचं आहे. गोवंडी, मानखुर्द, देवनार हा पट्टा या विभागात येतो. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या आठ लाखांवर होती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांमध्ये याचा नंबर शेवटचा होता. गल्ली नेमकी कोणती ते सांगत नाही. माणसांना नावंही दिलेली नाहीत, नात्यांनीच ओळखू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

गल्लीत जालना-परभणीकडची घरं जास्त. कुणाचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात आले, कुणी पाच वर्षांपूर्वी. पुरुष नाक्यावर उभे राहतात किंवा भंगाराच्या धंद्यात आहेत. बायका चेंबूरच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी, झाडूपोछा करतात. नळाला पाणी पहाटे पाचला येतं आणि तासाभरात जातं. पुढचा दिवसभर घर पिंपावर चालतं.

मी एका छोट्या संस्थेत समन्वयक आहे. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून आम्हाला पोषण शिक्षणाचं काम मिळालं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या आयांसाठी बारा सत्रांचा वर्ग, दर बुधवारी दुपारी तीनला, अंगणवाडीच्या खोलीत. तीनची वेळ आम्ही मोठ्या समजुतीनं ठरवली होती, कारण बायका अडीचपर्यंत कामावरून परततात. या वेळेबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतल्याचं मला आठवतं.

कामाची गरज आकड्यांतून दिसतच होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी, ३६ टक्के कमी वजनाची आणि २५ टक्क्यांहून जास्त मुलं उंचीच्या मानानं बारीक, म्हणजे लुकडी, निघाली होती. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्त कमी असलेली जवळपास ६९ टक्के. प्रस्तावात आम्ही हे आकडे घातले आणि त्याखाली लिहिलं, 'मातांमधील आहारविषयक अज्ञान हे प्रमुख कारण'. हे वाक्य माझंच आहे. ते खरं आहे की नाही, हे आम्ही गल्लीत कुणालाही विचारलं नव्हतं.

अडचण

वर्ग नोव्हेंबरच्या मध्यात सुरू झाला आणि फेब्रुवारीच्या शेवटी संपला. शेवटच्या बुधवारी तोंडी परीक्षा घेतली. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न, आठ अन्नगटांपैकी दिवसात निदान पाच, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ, वरणाचं पाणी नको, घट्ट वरण हवं. बायकांनी घडाघडा सांगितलं. सुरुवातीच्या परीक्षेच्या तुलनेत गुण इतके वाढले होते की आमच्या कार्यालयात त्या दिवशी पेढे आले.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या टीचरनी मुलांची वजनं घेतली. (वस्तीत सेविकेला टीचरच म्हणतात.) गल्लीतली तीन वर्षांखालची सतरा मुलं. नोव्हेंबरात सहा जण वाढीच्या तक्त्यावरच्या कमी वजनाच्या रेषेखाली होते, आताही सहाच. एक वर गेला होता आणि त्याच्या जागी दुसरी खाली आली होती.

त्या सहांमधल्या एका मुलीवर हे प्रकरण उभं आहे. वय चौदा महिने, वजन ६.९ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलीचं मधलं वजन ९.४ आहे, आणि ७.४ च्या खाली गेलं की मूल पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात येतं. दंडघेर १२.१ सेंटीमीटर. साडेबाराच्या खाली 'मॅम', म्हणजे मध्यम तीव्र कुपोषण, साडेअकराच्या खाली 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषण, ही भाषा आता वस्तीतल्या आयांनाही पाठ झाली आहे. तीन महिन्यांत तिचं वजन जेमतेम दोनशे ग्रॅमनं वाढलं होतं.

तिची आई आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती. बारापैकी बारा वर्ग, तोंडी परीक्षेत एकही चूक नाही. दुसऱ्या बाईला घट्ट वरणाचं महत्त्व समजावताना मी तिला स्वतः ऐकलं होतं.

संध्याकाळच्या बैठकीत पहिली प्रतिक्रिया काय असेल? 'वर्गात मान डोलावतात, घरी काही करत नाहीत.' हे मीच बोलले.

वर्गात झालेली एक चूक, जिची किंमत नंतर मोजली

जानेवारीत एका सत्रात आमच्या प्रशिक्षकानं पाच रुपयांच्या चटकदार पाकिटातला एक तुकडा चिमट्यात धरून पेटवला. तो भुरुभुरु जळला. 'बघा, प्लास्टिक आहे यात. तुम्ही मुलांना प्लास्टिक खायला घालता.'

हा प्रयोग आपल्याकडे गावोगाव करून दाखवतात, आणि तो खोटा आहे. पीठ आणि तेल पेटतंच, त्यासाठी त्यात प्लास्टिक असावं लागत नाही. शेंगदाणाही तसाच जळतो. त्या पाकिटाबद्दल खरी सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, ती पुढे येईल. त्या दिवशी मागच्या रांगेत बसलेल्या एका आईच्या मांडीवरच्या पोराच्या हातात तेच पाकीट होतं. सगळ्यांनी वळून पाहिलं. ती उठून गेली आणि पुढचे तीन बुधवार आली नाही. बाकीच्या आल्या, पण त्यानंतर 'मुलाला पाकीट देता का?' या प्रश्नाला वर्गात एकाही हातानं उत्तर दिलं नाही. आम्ही ते यश समजलो आणि अहवालात 'पाकीटबंद खाऊचं प्रमाण घटलं' असं लिहिलं.

अकरा वाजता काय दिसलं

निर्णयाची पहिली खरी जागा इथं आली. दुसऱ्या तुकडीचे पैसे हातात होते आणि नवीन बारा सत्रं लगेच सुरू करता आली असती. टीचर म्हणाल्या, 'मॅडम, तुम्ही तीनला येता. पोरं तर सकाळी उपाशी असतात.' त्यांनी हे आधीही दोनदा म्हटलं होतं. या वेळी मी ऐकलं.

मुलीच्या आईची परवानगी घेऊन मी लागोपाठ तीन दिवस सकाळी त्यांच्या दारात जाऊन बसले. हातात फॉर्म नेला नाही.

आई पाचला उठते, पाणी भरते. साडेसहापर्यंत पोळ्या, एक तिखट भाजी आणि जमलं तर वरण होतं. नवऱ्याचा डबा भरला जातो. मुलीला अंगावर पाजून, चहात बुडवलेली खारी भरवून ती सव्वासातला निघते आणि अडीचला परत येते. या सव्वासात तासांत मुलगी आजीजवळ असते. बारा-सव्वाबारापर्यंत नऊ वर्षांची थोरली बहीणही घरात असते, मग तिची दुपारची शाळा.

पहिलं पाकीट साडेनऊला आलं, दुसरं साडेअकराला, तिसरं एकच्या पुढे. लहानी रडली की आजी थोरलीला पाच रुपये देते आणि थोरली पळत जाऊन आणते. ती शाळेत गेली की शेजारचा कुणीतरी पोरगा आणतो.

आणि वरण? ते होतं. आईनं वर्गात सांगितल्याप्रमाणे घट्ट वरणात भात कालवून वाटी झाकून ठेवली होती. आजीनं माझ्यासमोर ती वाटी घेतली, पिंपातलं पाणी ओतलं, बोटानं ढवळलं आणि वरचं पाणी चमच्यानं पाजलं. मी विचारलं, 'आजी, पातळ का केलंत?'

'मला दिसत नाही बाई. घट्ट दिलं अन् ठसका लागला तर? पाणी कसं, आपसूक जातं.'

'आणि गरम करून नाही का देत?'

'गॅसला हात लावू देत नाहीत मला. एकदा पदर पेटला होता.'

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्गात आम्ही ज्याला 'वरणाच्या पाण्याची गैरसमजूत' म्हणत होतो, ती इथं गैरसमजूत नव्हतीच. न दिसणाऱ्या बाईनं लेकराचा जीव जपण्यासाठी काढलेला तो उपाय होता.

थोडा हिशेब मांडायला हवा, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरतं. लहान मुलाच्या पोटात एका वेळी, ढोबळमानानं, वजनाच्या दर किलोला ३० मिलिलीटर इतकंच मावतं. सात किलोच्या मुलीला म्हणजे सुमारे २०० मिलिलीटर, एक फुलपात्र. आईचं दूध चालू असलेल्या एक ते दोन वर्षांच्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ५५० कॅलरी लागतात. फुलपात्र पाण्यानं भरलं तर पोट भरतं, मूल गप्प होतं आणि हातात काही पडत नाही. पाकिटाचं उलटं आहे. त्यात कॅलरी असतात, वीसेक ग्रॅमच्या पाकिटात शंभरच्या आसपास. पण ते तेल, पीठ आणि मीठ आहे, प्रथिनं नावाला. तीन पाकिटांनंतर अडीच वाजता आई जेवण घेऊन बसते तेव्हा पोरगी तोंड फिरवते. प्लास्टिकच्या गप्पा मारण्यापेक्षा आम्ही वर्गात हे सांगायला हवं होतं.

सरकारी व्यवस्थेतली फटही याच वेळेला उघडी पडते. एकात्मिक बाल विकास योजना १९७५ पासून चालू आहे. तिच्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना मिळतं ते टीएचआर, घरी न्यायचं पाकीट. ते घरी जातं, पण ते शिजवायला सकाळी अकरा वाजता घरात चूल पेटवणारं कुणी लागतं. या घरात टीएचआरची पाकिटं फळीवर नीट रचून ठेवली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वर्ग चालू ठेवण्याचा. पैसा मंजूर, साहित्य तयार, अहवालाचे रकाने ठरलेले. 'प्रशिक्षित मातांची संख्या' हा आमचा मुख्य निर्देशक होता आणि तो दुप्पट झाला असता. मला हे आकर्षक वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

दुसरा पर्याय देणगीदारांकडूनच आला. त्यांच्या ओळखीतून प्रथिन पावडरचे डबे फुकट मिळणार होते, वाटपाचे फोटोही छान आले असते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी एकच प्रश्न विचारला, 'ती पावडर कोण कशात कालवणार?' उत्तर होतं, आजी, पिंपातल्या पाण्यात. शिवाय डबा संपल्यावर पुढचा डबा आईनं विकत आणायचा का, हाही प्रश्न होताच. आम्ही नाही म्हटलं. देणगीदार काही दिवस नाराज होते.

तिसरा पर्याय दुकानदाराला पाकिटं विकू नका म्हणण्याचा. संस्थेतल्या तरुण मुलांना हा फार आवडला. पण गल्लीत एका दुकानानं बंद केलं तर चाळीस पावलांवर दुसरं आहे, आणि कोपऱ्यावरच्या त्या माणसाचं घर याच पाकिटांवर चालतं.

चौथा पर्याय पाळणाघराचा, आणि खरं उत्तर तेच होतं. दिवसभर उघडं, शिजवणारी बाई, स्वच्छ पाणी. जागेचं भाडं आणि दोन बायकांचा पगार धरला तर आमच्या निधीत ते चार महिनेही टिकलं नसतं. चार महिन्यांनी बंद पडणाऱ्या पाळणाघराच्या भरवशावर आयांनी जास्तीची कामं धरली असती, आणि मग काय? पर्याय कागदावरच ठेवला.

उरला तो पाचवा. अकरा वाजता, चूल न पेटवता, न दिसणाऱ्या माणसाच्या हातानं मुलीच्या पोटात काहीतरी दाट कसं जाईल, एवढ्याच प्रश्नावर काम करायचं. दुसऱ्या तुकडीचं काम थांबवून त्या सहा घरांपुरतंच हे करायचं ठरलं. सहा घरं म्हणजे अहवालात काहीच नाही. वरिष्ठांना हे पटवायला मला दोन आठवडे लागले.

काय केलं

पहिला प्रयत्न सरळ होता. आईनं सकाळी घट्ट वरण-भात करून डब्यात ठेवायचा आणि आजीनं अकराला भरवायचा. सिस्टरनी तो तिथल्या तिथे मोडीत काढला. शिजवलेलं ओलं अन्न मुंबईच्या मार्चमध्ये साडेचार तास बाहेर ठेवायचं नाही, दोन तास ही हद्द. म्हणून वरण-भात साडेआठच्या आत, थोरलीनं भरवायचा आणि अकरासाठी कोरडं काहीतरी शोधायचं.

ते कोरडं काय, हे आजीनं सांगितलं. मी राजगिऱ्याच्या वड्या, फुटाणे, खजूर अशी यादी वाचत होते. ती म्हणाली, 'अगं, मलिदा कर की. आमच्याकडं पोळी चुरून गूळ घालून लेकरांना द्यायचे. हाताला लागतं ते, बघायला नको.'

पोळीचा लाडू. कोणत्याही मराठी घराला ठाऊक असलेला हा पदार्थ आमच्या छापील तक्त्यात नव्हता; तक्त्यावर सफरचंद होतं. सकाळच्या ताज्या पोळीचा बारीक चुरा, दोन चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट, चमचाभर तेल आणि वळण्यापुरता गूळ. एका पोळीच्या अशा लाडवात सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी आणि पाच-सहा ग्रॅम प्रथिनं बसतात. दोन भागांत दिला तर लहान पोटालाही झेपतो. वेगळं शिजवणं नाही, पाणी नाही, गॅस नाही. आजी बोटांनी चाचपून घास किती मोठा आहे ते ओळखू शकत होती, त्यामुळे ठसक्याची भीतीही कमी झाली. गुळाबद्दल सिस्टर कुरकुरल्या. दोन वर्षांखालच्या मुलांना गोड कमी हवं, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. गूळ अर्धा केला.

पैशाचा हिशेब आईनेच मांडला. दिवसाला तीन पाकिटं म्हणजे पंधरा रुपये, महिन्याचे साडेचारशे. कूट, तेल, गूळ, एखादं केळं आणि एक दिवसाआड अंडं धरलं तरी खर्च त्याच्या आतबाहेरच बसत होता. 'स्वस्त पडतं' असं आम्ही कुठेही म्हटलं नाही, कारण फार स्वस्त पडत नव्हतंच. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. शेंगदाणे, तेल, डाळ विकतच आणावं लागतं. खरी अडचण रकमेची नव्हती. पाच रुपये रोज असतात, किलोभर शेंगदाण्यांचे दीडशे एकदम नसतात. पगाराच्या आठवड्यात शेंगदाणे आले तरी पंधरा तारखेपर्यंत घरभर चटणीत संपायचे. त्यावर तोडगा आईनं काढला. कूट वेगळ्या बरणीत भरायचं आणि बरणी आजीच्या उशाशी. सासूच्या उशाशी असलेल्या बरणीला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

थोरल्या बहिणीबद्दल आम्ही अडखळलो. तिला शिकवलं असतं तर सगळं सोपं झालं असतं, पोरगी चुणचुणीत आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीला संस्थेनंच लहान बहिणीची जबाबदार बाई करून ठेवायचं का? ठरवलं की शिकवायचं आजीला, थोरलीनं फक्त साडेआठची वाटी भरवायची. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे तीच जास्त करत होती, हेही इथं नोंदवते.

दुकानदाराकडे गेलो ते बंदी मागायला नाही. पुढच्या दोरीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, पाच रुपयांच्या शेंगदाणे-फुटाण्यांच्या पुड्या टांगा म्हटलं. त्याचं उत्तर धंद्याचं होतं: 'कंपनीचा माणूस उरलेला माल बदलून देतो. तुमच्या फुटाण्याला पोरकिडे लागले तर कोण देणार?' पहिला महिना उरलेल्या पुड्या आम्ही विकत घ्यायचं कबूल केलं. पुड्या टांगल्या त्या संध्याकाळी सिस्टर योगायोगानं तिथून गेल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'दीड वर्षाच्या पोराच्या हातात अख्खा फुटाणा जाणार आहे. घशात अडकला तर?' अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनळीत अडकतो, हे मला माहीत होतं. डोक्यात फक्त पाकिटं असल्यामुळे दिसलं नव्हतं. पुड्यांमध्ये राजगिऱ्याची मऊ वडी घातली, फुटाणे मोठ्या मुलांसाठी वर टांगले. आम्ही पैसे देत होतो तोवर पुड्या दोरीवर होत्या. नंतर त्या जागी पुन्हा पाकिटं आली.

पाकीट पेटवलेल्या दिवशी उठून गेलेल्या आईच्या घरी मी दोनदा गेले. पहिल्यांदा तिनं दार अर्धंच उघडलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं की तो प्रयोग खोटा होता आणि आमचं चुकलं. ती म्हणाली, 'मला माहितीय प्लास्टिक नसतं ते. पण तुम्ही सगळ्यांसमोर केलंत.'

मधले महिने

एप्रिलअखेर मुलीचं वजन ७.२ किलो होतं. वाढ होती, पण जेमतेम.

मे महिन्यात आई दोन्ही मुलींना घेऊन माहेरी गेली. आम्ही धास्तावलो, आता सगळी घडी मोडणार. महिन्यानं परत आली तेव्हा काट्यावर ७.६. एका महिन्यात चारशे ग्रॅम. तिथं ना आमचा लाडू होता ना आमचा पाठपुरावा. आईला विचारलं तर ती हसली, 'तिथं मी घरीच होते ना दिवसभर. जे तुम्ही सांगितलं तेच केलं, वेळ होता म्हणून.'

आमच्या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आणि तो आमच्या कार्यक्रमाबाहेर घडला. वर्गात शिकवलेलं तिला येत होतं. सव्वासात ते अडीच हे तास तिच्याकडे नव्हते.

जूनच्या शेवटी मुलगी लाडवाला कंटाळली. तोंडातून बाहेर काढायची. मी सुचवलं, सातूचं पीठ द्या, गूळ-पाण्यात कालवून, तेही बिनचुलीचंच. पाणी कुठलं, हे मी विचारलं नाही. प्रथिन पावडर ज्या कारणासाठी नाकारली होती तेच कारण मी चार महिन्यांत विसरले. जुलैत पोरीला हगवण लागली. पावसाळ्यात त्या गल्लीत अनेक मुलांना लागते, त्यामुळे सातूच्या पाण्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि नाही असंही मला म्हणवत नाही. ओआरएस आणि चौदा दिवस झिंकची गोळी देऊन ती सावरली. वजन ७.४ वर उतरलं होतं. त्यानंतर आई सकाळी उकळलेलं पाणी झाकणाच्या बाटलीत भरून बरणीशेजारी ठेवू लागली. सातू बंद झाला, कुस्करलेलं केळं आणि लाडू आलटून पालटून सुरू झाला.

श्रावणात अंडी बंद. त्यावर वाद घातला नाही, कुटाचा चमचा वाढवला.

निष्पत्ती

ऑगस्टअखेर, वीस महिन्यांची असताना, मुलीचं वजन ८ किलो आणि दंडघेर १२.६. दंडघेरानुसार ती मॅममधून बाहेर आली. वजन अजून पिवळ्यातच आहे. या वयाला ती रेघ ८.४ वर असते. पाकिटं बंद झालेली नाहीत. तीनाचं एकावर आलं आहे, तेही दुपारी थोरली शाळेत गेल्यावर.

बाकीच्या पाच घरांपैकी दोन मुलं रेषेच्या वर गेली. एक जिथल्या तिथे आहे. एक कुटुंब भाडं परवडेना म्हणून वस्ती सोडून गेलं, पुढचं कळलं नाही. पाचवं मूल जूनमध्ये दंडघेर ११.२ ला उतरलं आणि त्याला रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागलं. त्या घरात आजी नव्हती, लाडूही नव्हता. तिथं काय करावं याचं उत्तर आम्हाला सापडलं नाही.

देणगीदारांना पाठवलेल्या अहवालात मी तोंडी परीक्षेचे गुण आणि वजनाचे आकडे शेजारी शेजारी छापले. 'पाकीटबंद खाऊचं प्रमाण घटलं' हे आधीचं वाक्य चुकीचं होतं, असं खाली लिहिलं. पुढच्या वर्षाचा निधी निम्मा आला.

पुन्हा करायचं झालं तर

वर्ग पूर्ण बंद करणार नाही. मे महिन्यातले चारशे ग्रॅम त्या वर्गात शिकलेल्या आईचेच आहेत. पण बाराच्या जागी चार सत्रं पुरतील, आणि त्यांतली दोन सकाळच्या वेळेत, आज्यांसाठी आणि घरी राहणाऱ्या माणसांसाठी. परीक्षा नको. पहिल्या दिवशी वजन, आणि मग 'काल उठल्यापासून हिनं काय काय खाल्लं' एवढी एकच गोष्ट, तीही घरी बसून आणि पाकिटाचं नाव निघालं तरी चेहरा न बदलता.

प्रस्ताव लिहिण्याआधी टीचरना विचारीन. 'पोरं सकाळी उपाशी असतात' हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि सगळ्यात आधी आजीचे डोळे. मार्चमध्ये, दारात बसलेल्या पहिल्याच दिवशी, आई मला म्हणाली होती, 'मॅडम, खाण्याचं मग बघू. आधी सासूबाईंचे डोळे कुठं दाखवता येतील ते सांगा.' मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले. पोषणाच्या अंदाजपत्रकात मोतीबिंदूला रकाना नव्हता. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. लागतात ते बरोबर जाणारं माणूस आणि दोन-तीन खेपा. आईला खाडे परवडत नव्हते. आमच्यातलं कुणीही जाऊ शकलं असतं. गेलो ते ऑगस्टमध्ये, हगवणीनंतर.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर आजी घरी आली, नातीला उजेडात दाराशी नेलं आणि बराच वेळ बघत राहिली.

'एवढी बारीक हाय व्हय ही? हाताला तर भरलेली लागायची मला.'

दुसऱ्या दिवशी तिनं सुनेकडे गॅसचा लायटर मागितला. सुनेनं अजून दिलेला नाही.